मेलेले सेल सांभाळण्याची घरगुती पद्धत

रिमोट चालेनासा झाला की लगेच नवे सेल आणणारी माणसं उधळी असतात. तुम्ही आधी रिमोटच्या पाठीवर दोन चापट्या मारा. मग सेलांची अदलाबदल करा, तळहातावर चोळा, तरीही नाही जमलं तर गॅलरीत उन्हात ठेवा. उबेने सेल घटकाभर चालतो, दोन चॅनल बदलतात, आणि तेवढ्यावर घरातला कर्ता पुरुष आठवडाभर शास्त्रज्ञ म्हणून वावरतो.

सेल खरोखरच गेला की टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये नव्या सेलांशेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जिवंत कोण नि मेलेला कोण हे ओळखत बसता येतं. त्यातला एखादा अल्कलाइन सेल गळून टोकाशी पांढरा क्षार धरतो. बोट चुरचुरलं तर पँटला पुसा.

मग कोणीतरी अतिशहाणा सांगेल की साध्या सेलचं नळकांडं जस्ताचं, आतली काळी पूड बहुतांशी मँगनीज डायऑक्साइडची. मोबाइलच्या बॅटरीत तर कोबाल्ट, लिथियम, शिवाय तांब्याचा पातळ पत्रा. कारखान्यात त्या भरडतात, काळी भुकटी आम्लात विरघळवतात आणि एकेक धातू वेगळा काढतात. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतो, हेही तो ऐकवेल. मान डोलवा, चहा पाजा. सराफाच्या दुकानापुढची धूळ झाडून झारेकरी सोन्याचा कण काढतो, याचं कौतुक आपल्याला आहेच. पण जस्त काय तोळ्यावर विकतं का?

खात्री हवी तर भंगारवाल्यालाच विचारा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी म्हटली की तो दोन जिने धापा टाकत चढतो, कारण शिशाला वजनावर भाव आहे. सेलांची पिशवी पुढे केली की, "ताई, हे राहू द्या." त्याचंही बरोबरच आहे. सेल वीसेक ग्रॅमचा, त्यात जस्त अगदी थोडं. टनांनी माल एका जागी आल्याशिवाय ते काढणं कुणाला परवडत नाही. तेव्हा टनांनी तो कधी जमूच द्यायचा नाही, एवढं आपण बघायचं. दोन ड्रॉवरमध्ये, एक बंद पडलेल्या खेळण्यात, तीन आजोबांच्या टॉर्चमध्ये चिकटून बसलेले, बाकीचे नारळाच्या शेंड्यांबरोबर ओल्या कचऱ्यात. नाशकात सिडकोपासून पंचवटीपर्यंत हे काम एकही मीटिंग न घेता चोख चालू आहे.

केंद्राचे 2022 चे बॅटरी कचरा नियम म्हणतात की ग्राहकाने वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळू नयेत, आणि त्या गोळा करून धातू परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकाची. बॅटरीवर चाकांच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चित्रही असतं. ते नीट बघा. फुली कुंडीवर आहे, घंटागाडीवर नाही.

फुगलेली मोबाइलची बॅटरीही तिथेच द्या, केळीच्या सालांखाली, म्हणजे कर्मचाऱ्याला दिसायची नाही. कचरा दाबताना ती चेपली, पेटली आणि गाडीतून धूर निघाला, तर लगेच व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका : "महापालिका झोपली आहे का?" त्यासाठी तुमचा फोन मात्र फुल चार्ज हवा.