बंदुकीच्या खेळाला जुनाच टीव्ही लागतो

जुने व्हिडिओ गेम आज खेळण्याबद्दलच्या तुमच्या लेखात म्हटलंय की मोबाइलवरचा इम्युलेटर आणि एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं मांडता येणाऱ्या चिपवर) बनवलेलं यंत्र यांत खेळणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळतो. इम्युलेटर जुन्या चिपची नक्कल सॉफ्टवेअरनं करतो. एफपीजीएत त्या चिपचं सर्किटच नव्यानं मांडलेलं असतं. मारिओच्या उडीत तो फरक बोटांना जाणवतो.

पण लेखात टीव्हीचा विषयच नाही! लहानपणी वडगावात मावशीकडं, शेजारच्या मागांच्या खडखडाटात, आम्ही भावंडं 'डक हंट' (१९८४) हा खेळण्यातल्या बंदुकीनं पडद्यावरची बदकं टिपायचा गेम खेळायचो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या टीव्हीतल्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं. एलसीडीवर चित्र जरा उशिरा येतं, मग नेम कितीही अचूक धरा, बदक काही पडत नाही. डीई१०-नॅनो या एफपीजीए बोर्डावरचं 'मिस्टर' हे जुन्या गेमांचं यंत्र घेतलं तरी मूळ बंदुकीला ट्यूबच हवी.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनो, माळ्यावरचा जुना टीव्ही कृपा करून भंगारात घालू नका. मावशीचा मी घरी आणलाय, अजून झकास चालतोय.