भुवईवरच्या करंटने अर्धशिशी ठरत नाही

शिमग्यापासून चिपळूण-गुहागरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'भुवईवर करंटचा हलका टोला द्या, पापणी कशी मिटते त्यावरून पाच मिनिटांत अर्धशिशी कळते. रिपोर्ट नॉर्मल असेल तर अर्धशिशी नाहीच, रोजची गोळी बंद करा. दोष निघाला तर नस कमजोर, मालिश करा.' तो वाचून आमच्या वहिनींनी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे झटके टाळायची रोजची गोळी, परस्पर सोडली, तेव्हा आता लिहायलाच हवं.

चाचणी खोटी नाही, एवढं मान्य. तिला ब्लिंक रिफ्लेक्स म्हणतात. टोल्यानंतर साधारण दहा मिलिसेकंदांत त्याच बाजूच्या पापणीच्या स्नायूत पहिली लहर दिसते, तिला आर-१ म्हणतात, आणि तिसाच्या पुढे दोन्ही डोळ्यांत दुसरी, म्हणजे आर-२. तोंड वाकडं झालं किंवा चेहरा बधिर झाला, तर ही चाचणी खरोखर कामाची आहे.

पण 'नॉर्मल म्हणजे अर्धशिशी नाही' हे धडधडीत चूक आहे. २००२ साली 'न्यूरॉलॉजी' नियतकालिकात काउबे आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण तपासले, तेही एका बाजूचं डोकं दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत. दुखऱ्या बाजूची आर-२ लवकर आली आणि मोठी आली; ॲस्पिरिनचं इंजेक्शन किंवा झोल्मिट्रिप्टान (ट्रिप्टान गटातली, झटक्यावर घ्यायची गोळी) दिल्यावर ती उतरली. म्हणजे हा फरक झटका चालू असतानाचा आहे. बऱ्या दिवशी चाचणीच्या शिबिरात जाऊन बसलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि अर्धशिशी तशीच राहते. शिवाय हे आकडे गटाच्या सरासरीचे. एकेका माणसाचे आकडे निरोग्यांच्या आकड्यांत मिसळतात, त्यावरून कुणा एकाचं निदान होत नाही.

या अभ्यासात वेदनेचे तंतू वेगळे पाहायला मध्ये बारीक टोक आणि भोवती कडं असलेला इलेक्ट्रोड (त्वचेवर लावायचा करंटचा तुकडा) वापरला होता. नेहमीच्या इलेक्ट्रोडने करंट खोल जातो, स्पर्शाचे तंतूही उठतात. टोले भराभर दिले तर आर-२ आपोआप लहान होते, पेशंट पेंगला तरी होते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पंख्याखाली, घामाने जेल पसरून दोन इलेक्ट्रोड जोडले गेले तर कागदावरच्या रेघेला काही अर्थच उरत नाही.

'नस कमजोर' तर उलटंच आहे. झटक्यात प्रतिसाद वाढतो, कारण मेंदूच्या देठातल्या पेशी जास्त संवेदनशील झालेल्या असतात. मालिशने बरं वाटत असेल तर करा. उपचार म्हणून नको.

निदान हकिगतीवरून होतं: किमान पाच झटके, औषधाविना प्रत्येक ४ ते ७२ तासांचा, ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं. कालनिर्णयवर दुखल्याचे आणि गोळी घेतल्याचे दिवस वेगवेगळ्या खुणेने मांडा. तीन महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामकं महिन्याला १५ किंवा ट्रिप्टान १० दिवस लागत असतील, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं.

प्रोप्रॅनोलॉल मात्र एका दिवसात सोडायची नसते. धडधड, रक्तदाब उसळतो. हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं. डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करतात.