माडावरचा उजेड

गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढला की पलीकडे बेळगाव, आणि बेळगावात माझी सासुरवाडी. म्हणजे हा रस्ता मला टाळता येत नाही. पावसाळ्यात तिथं धुकं असतं असं सांगणं म्हणजे मांडवीत पाणी असतं असं सांगण्यासारखं. गेल्या जुलैत संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही दोघं मोटरसायकलवरून अशा धुक्यात सापडलो की गाडीला पुढचं चाक आहे हे मी केवळ श्रद्धेनं मानत होतो. मागून बायको मात्र बरोबर सांगत होती, "अहो, वळण आलं. आता डावीकडे."

"तुला दिसतंय?"

"दिसत काही नाही. मळमळतंय."

सासरी पोचलो तेव्हा मेव्हणा दारातच उभा होता. गाडीकडे बघून म्हणाला, "दाजी, लाईट आहे काय समई ही?" सासुरवाडीत बाकी सगळं सोसता येतं, गाडीची निंदा सोसवत नाही. मी तिथंच ठरवलं की आता उजेड पाडायचा.

खरं तर मंद दिवा आमच्या घराण्यात परंपरेनं चालत आलेला आहे. वडिलांच्या जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या जिवावर जगायचा. रेस केली की उजेड, रेस सोडली की मिणमिण. खड्डा आला की माणूस वेग कमी करतो, वेग कमी झाला की दिवा मंदावतो. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक खड्डा नेमका अंधारात आला. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी मात्र मोबाईल उघडला.

आठवड्याभरात पार्सल आलं. हेडलाईटमधल्या ३५ वॅटच्या हॅलोजनच्या जागी घालायला पांढराशुभ्र एलईडी बल्ब, आणि फॉग लाईटची पिवळी जोडी. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत '१२० वॅट'. फिटिंग करणारा पोरगा तरतरीत होता. फॉग लाईट कुठं बसवू हे त्यानं विचारलंच नाही, आरशांखाली हँडलच्या दांडीवर कसून टाकले. "खाली नको?" मी विचारलं. "खाली लूक येत नाही, सर." डाव्या दिव्याचा नट तेव्हाच सैल होता. दोन मिनिटं गाडी चालली की तो दिवा हळूहळू मान वर करायचा.

रात्री मोठ्या उत्साहानं घरासमोरच्या रस्त्यावर गाडी काढली. बटण दाबलं आणि समोरच्या माडांच्या झावळ्या लख्ख उजळल्या. कुठल्या माडाला किती नारळ धरलेत ते मोजता येत होतं. रस्ता तेवढा होता तसाच काळोखात. पुढं कळलं ते असं: हेडलाईटचा आतला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तार जिथं जळते तिथून उजेड निघाला तरच तो रस्त्यावर जातो. एलईडीच्या चिपा जरा इकडेतिकडे बसल्या की उजेड सैरावैरा पळतो. माझा माडावर चढला.

त्यात भर सरकारी नियमाची. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटणच नसतं, इंजिन चालू की दिवा चालू. आधी माझ्या समईकडे दिवसाढवळ्या कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता साखळीहून निघून आमोण्याचा पूल ओलांडून माशेलला शाळेत जाईपर्यंत समोरून येणारा प्रत्येक जण हाताचा पंजा उघडमीट करून 'लाईट चालू आहे' सांगायचा. नऊवारीतल्या एक आजी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून मला सांगत होत्या. पहिले दोन दिवस मी मान हलवून आभार मानले. तिसऱ्या दिवसापासून मीही पंजा हलवायला लागलो, तेव्हापासून रस्त्यावर माझ्या ओळखी फार वाढल्या.

फॉग लाईटची तऱ्हा वेगळी. हॉर्न वाजवला की ते मंद व्हायचे, इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर लुकलुकायचे. पुढच्या श्रावणसरीत तर बटणातून भाजल्यासारखा वास यायला लागला. पण चोर्ल्याची परीक्षा द्यायचीच होती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी, जोडून सुट्टी होती म्हणून, पुन्हा बेळगावला निघालो. धुकं लागताच मी सगळे दिवे लावले आणि समोर चुन्याची भिंत उभी राहिली. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, त्यांच्यावर जितका उजेड टाकाल तितका ते तोंडावर परत फेकतात. अप्पर लावला तर भिंत आणखी जवळ आली. तेवढ्यात भिंतीला दोन हिरवे डोळे फुटले. मी ब्रेक मारला. धुक्यातून सावकाश एक गवा प्रकटला. गोव्याचा राज्यप्राणी तो, घाई कशाला करील? तो माझ्या दिव्यांकडे रवंथ करत बघत राहिला, मी त्याच्याकडे. बायको कानाशी कुजबुजली, "अहो, लाईट बंद करा." "होत नाही गं," मी म्हटलं, "नियम आहे." इंजिन बंद केल्यावर तो निघून गेला. मग गाडी सुरू होईना. बॅटरी बसली होती.

दूधवाल्याच्या टेम्पोतून गाडी सासरी पोचली. मेव्हणा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं समईपेक्षा जास्त लागलं.

परतल्यावर साखळीतल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्यानं सीट काढली, वायरींचा गुंता पाहिला आणि एवढंच विचारलं, "रिले खंय?" रिले म्हणजे मंत्र्याच्या पीएसारखा प्रकार. बटणानं नुसती मान हलवायची, मोठा व्यवहार बॅटरीतून फ्यूजमार्गे परस्पर व्हायचा. माझ्याकडे मंत्रीच पोती उचलत होता. मग त्यानं मीटर लावला. फॉग लाईटची जोडी तीन अँपिअर ओढत होती.

"बारा गुणिले तीन किती, मास्तर?"

मी गणित शिकवतो. ३६. खोक्यावरचे १२० वॅट हे लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखे होते. "लबाड बोलले म्हणून वाचलात," तो मराठीत म्हणाला, "खरंच १२० असते तर वायर जळली असती. या गाडीला ३६ सुद्धा जड."

मग त्यानं माझा जुना हॅलोजन मागितला. मी तो नशिबानं डब्यात ठेवला होता. बल्बपर्यंत जाडी वायर ओढली, रिले आणि १० अँपिअरचा फ्यूज लावला. बारीक वायरीत व्होल्टेज दहा टक्के गळलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे त्यानं मला शिकवलं. पिवळट काच घासली. शेवटी भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली, मला वर बसवलं, खडूनं रेघ मारली आणि स्क्रू पिळत उजेड रेघेखाली आणला. फॉग लाईट काढून हातात देत म्हणाला, "बसवायचेच तर चाकाच्या उंचीवर, झोत आडवा आणि खाली. माडाक न्हय."

ते दिवे कपाटात पडले. दिवाळीच्या आठ दिवस आधी वाड्यावरची पोरं वर्गणीला आली आणि बायकोनं पन्नास रुपयांबरोबर तेही देऊन टाकले. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकात नरकासुराचा वीस फुटी पुतळा उभा होता, दात विचकून, पिवळेधमक डोळे रोखून. गर्दीत बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, हे आपलेच ना?"

शंकाच नव्हती. उजवा डोळा सरळ आमच्याकडे बघत होता, आणि डावा हळूहळू मान वर करत माडावर चढत होता.