आपल्या मागच्या चाकाच्या रिमबद्दल दुकानाचे उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी शांतपणे वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: आपण बाजारातून नवी कोरी २८ ची रिम आणून दिली होती, तरी आम्ही ती न बसवता दुसरी रिम आपल्या गळ्यात मारली, जुने स्पोक चांगले असताना सगळे ३२ स्पोक बदलले, मजुरी ४५० रुपये सांगून बिल १,९८४ रुपयांचे केले, कामाला नऊ दिवस लावले, आणि इतके करूनही नवी रिम जुन्यापेक्षा जड आहे व तिच्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह डुलतो. यातल्या दोन बाबतींत चूक आमची आहे आणि ती मी पुढे स्पष्टपणे मान्य केली आहे. रिमच्या निवडीबाबत मात्र मी तेव्हा जे केले तेच आजही करीन, आणि ते का, हे आपल्याला सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण चाक सोडताना गर्दीत ते सांगायचे राहून गेले.

आपण आणलेल्या रिमवर २८ असे लिहिले होते आणि आपल्या सायकलच्या चाकालाही सगळे २८ चेच चाक म्हणतात, त्यामुळे आपला समज होणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की २८ हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, इंचांतला जुना, ढोबळ अंदाज आहे आणि त्या एका नावाखाली दोन वेगळी मापे विकली जातात. आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलींना जी २८ × १½ ची रिम लागते, तिच्यावर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर असतो. आपली सायकल हायब्रिड आहे. तिच्या टायरच्या बाजूवर ३८-६२२ असे उठावाच्या अक्षरांत लिहिले आहे. त्यातला ३८ हा टायरच्या रुंदीचा आकडा आणि ६२२ हा टायर ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास. ७०० सी म्हणतात ते माप हेच. दोन्हींत फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे घेरात चार सेंटिमीटरहून अधिक. ६२२ चा टायर ६३५ च्या रिमवर कितीही ओढला तरी चढत नाही. २६ च्या चाकांत तर याहून मोठा गोंधळ आहे: जाड टायरच्या माउंटन सायकलचे ५५९, २६ × १⅜ चे ५९० आणि २६ × १½ चे ५८४, आणि तिन्हींना दुकानात २६ च म्हणतात. म्हणून रिम घ्यायला जाताना फक्त नंबर न सांगता टायरवरचे हे तीन आकडी माप वाचून न्यावे, अशी विनंती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करतो.

आपल्या रिमला भोके ३२ होती आणि आपल्या हबलाही, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यालाही, ३२, हा योगायोगच दिशाभूल करणारा ठरला. काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. आपल्याला मिळाली ती तिच्या पुढच्या चाकाची रिम होती. ती मागच्या चाकाची असती तर भोके जुळली नसती आणि चूक तिथेच लक्षात आली असती. टायरचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ब्रेकचा प्रश्न उरतोच. त्या रिमच्या बाजू गोलसर असतात, कारण तिचा ब्रेक आतल्या अंगाने, हबच्या दिशेकडून रिमवर टेकतो. आपल्या सायकलच्या ब्रेकची रबरे दोन्ही बाजूंनी रिमच्या सपाट पट्टीवर दाबली जातात. अशी पट्टीच नसलेल्या रिमवर ती रबरे नीट टेकणार नाहीत, आणि पोलादी रिम पावसात ओली झाली की ॲल्युमिनियमच्या रिमपेक्षा ब्रेक खूपच कमी लागतो. आपण जळगावहून नशिराबादला रोज महामार्गाच्या कडेने जाता, शेजारून ट्रक जात असतात. असे चाक बांधून देणे मला शक्यच नव्हते. आपली रिम आम्ही एक ओरखडाही न पाडता बिलासह परत दिली आहे, आणि दुसरी रिम मागवण्यापूर्वी फोनवर आपली संमती घेतली होती, हे आपल्याला आठवत असेल.

आता दुसऱ्या रिमबद्दल. जुनी रिम आपण पाहिलीच आहे: उजव्या बाजूच्या चार स्पोकच्या भोकांभोवती बारीक चिरा पडल्या होत्या. मागच्या चाकात उजवीकडे गिअरची चक्रे असल्यामुळे हबची ती कड मध्याच्या जवळ येते, त्या बाजूचे स्पोक जास्त उभे बसतात आणि चाक मधोमध राहावे म्हणून त्यांना डाव्यापेक्षा बराच जास्त ताण द्यावा लागतो. कॅरिअरवर रोज वजन असेल तर रिम आधी तिथेच थकते. शिवाय काळ्या मातीचा चिखल ब्रेकच्या रबरांत अडकून पावसाळाभर रिमची बाजू घासतो. आपल्या रिमची बाजू आत वळून खोलगट झाली होती आणि तिची जाडी एक मिलिमीटरच्या खाली आली होती. चिरा नसत्या तरी ती रिम मी बदलायलाच सांगितली असती.

या कारणांनी मी निवडलेली रिम दुहेरी भिंतीची आहे, तिच्या प्रत्येक भोकात धातूची कडी ठोकलेली आहे, आतली रुंदी १९ मिलिमीटर आहे, म्हणजे ३८ च्या टायरला नेमकी साजेशी, आणि बाजूला ब्रेकची पट्टी आहे. तिचे वजन जुन्यापेक्षा सुमारे ६० ग्रॅमने जास्त आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. ते वजन मी विचार करून घेतले आहे. पुढचे चाक असते किंवा कॅरिअर नसते, तर हलकी रिम सुचवली असती. मागच्या, वजन वाहणाऱ्या चाकात ते ६० ग्रॅम भोकांभोवतीच्या मजबुतीसाठी आहेत.

स्पोकचा विषय आपल्याला सर्वांत जास्त खटकला आहे आणि तो नीट समजावा अशी माझी इच्छा आहे. दोन रिमा एकाच ६२२ मापाच्या असल्या तरी त्यांच्या आतली खोली सारखी नसते. स्पोकचा निपल, म्हणजे त्याच्या टोकावर फिरवून ताण देण्याची छोटी चकती-नट, रिममध्ये जिथे टेकतो, तिथून समोरच्या निपलपर्यंतचे अंतर, ज्याला आमच्या कामात ईआरडी म्हणतात, प्रत्येक रिमचे वेगळे असते आणि स्पोकची लांबी त्यावर ठरते. मी दोन्ही रिमांचे हे माप समोरासमोरच्या भोकांत दोन स्पोक निपलसह घालून स्वतः घेतले. जुन्या रिमचे ६०३ मिलिमीटर आले, नव्या रिमचे ५९७. फरक सहाचा, म्हणजे प्रत्येक स्पोक तीन मिलिमीटर लांब पडणार. इतक्या लांब स्पोकला पूर्ण ताण येण्याआधीच त्याचे आटे संपतात, निपल पुढे फिरत नाही आणि स्पोकचे टोक निपलच्या डोक्यातून बाहेर निघते. हा फरक एक-दोन मिलिमीटरचा असता आणि स्पोक निरोगी असते, तर मी जुनेच वापरले असते. अशा वेळी नवी रिम जुन्या रिमला चिकटपट्टीने लावून, व्हॉल्व्हची भोके एका रेषेत आणून, एकेक स्पोक इकडून तिकडे सरकवता येतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसेही वाचतात. ते काम आम्ही अनेकदा केले आहे आणि मला ते मनापासून आवडते.

आपले स्पोक मात्र निरोगीही नव्हते. या वर्षी उजव्या बाजूचे दोन स्पोक हबजवळच्या वाकणात तुटले म्हणून आपण आमच्याकडेच आला होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. दोन स्पोक त्या थकव्याने तुटले, तर त्यांच्या शेजाऱ्यांनीही तितकेच फेरे सोसलेले असतात. नवे स्पोक उजवीकडे २९० आणि डावीकडे २९२ मिलिमीटरचे घातले आहेत, ३२ नग, प्रत्येकी १२ रुपये, एकूण ३८४ रुपये. रिमचे १,१५० आणि मजुरीचे ४५० धरून बिल १,९८४ होते. मजुरी सांगितली तितकीच घेतली आहे.

हे सगळे खरे असले, तरी स्पोक बदलण्याआधी आपल्याला विचारायला हवे होते. मी एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही, आणि मी वाट न पाहता काम पुढे नेले. काम योग्य असले तरी पैसे आपले होते, आणि निर्णयही आपलाच असायला हवा होता. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. स्पोकचे ३८४ रुपये मी परत करीत आहे. स्पोक चाकातच राहतील.

दुसरी चूक व्हॉल्व्हची. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, सहा मिलिमीटरचा आहे आणि नव्या रिमचे भोक जाड व्हॉल्व्हसाठी साडेआठचे आहे. त्या भोकात एक लहान रबरी बुश घालायचे असते. कारागिराकडून ते राहिले आणि चाक देताना मीही तपासले नाही. ही बाब क्षुल्लक नाही, कारण व्हॉल्व्ह तसाच डुलत राहिला तर ट्यूब त्याच्या मुळाशी फाटते. बुश बसेपर्यंत हवा भरताना व्हॉल्व्ह हाताने सरळ धरावा.

नऊ दिवसांपैकी पाच दिवस रिम नाशिकहून येण्यात गेले. रिमवर पट्टी न लागणाऱ्या डिस्क ब्रेकच्या सायकली वाढल्यापासून ब्रेकची पट्टी असलेल्या ६२२ च्या चांगल्या रिमा आमच्याकडे सहज मिळत नाहीत. बाकीचा उशीर आमच्या कामाच्या गर्दीचा होता आणि तो आपल्याला आधी कळवायला हवा होता.

सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर आपण सायकल घेऊन यावे. बुश लगेच बसवू, पैसे देऊ, आणि दीड-दोनशे किलोमीटर चालून नवे स्पोक आपापल्या जागी बसले असतील तर त्याच वेळी ताण तपासून चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमगही काढू; त्याचे पैसे लागणार नाहीत. जुनी रिम आणि काढलेले सगळे स्पोक मी ठेवले आहेत. मोजपट्टी आपल्या हातात देतो, मापे आपणच घेऊन पाहावीत.

आपला,
दुकानमालक, जळगाव