मेणवलीला अर्धा तास पुरत नाही

वाईजवळच्या मेणवली गावासाठी एका लेखात 'अर्धा तास पुरे' म्हटलंय, वर तिथल्या घाटावर पोहायचा सल्लाही दिलाय. अर्धा तास कसा पुरेल? नाना फडणवीसांच्या वाड्यालाच सहा चौक आहेत. भित्तिचित्रं काळोख्या खोल्यांत आहेत, त्यामुळे चांगलं ऊन असतानाच जा. कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा जवळून बघा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ साल. पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली!

पोहायचा सल्ला मात्र चुकीचा. नदीच्या वरच्या बाजूला धोम धरण आहे. पाणी सोडलं की कृष्णा चढते. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. त्यापेक्षा वाईहून सायकल काढा, मेणवली तीनेक किलोमीटर. तशीच पुढे धोमपर्यंत न्या. तिथल्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय. कुंड भरलेलं असलं तर कासव तरंगतंय असंच वाटतं.