मेल उशिरा जातो म्हणून रांग पुसू नका: त्या फॉरवर्डला उत्तर

‘स्वतःच्या सर्व्हरवरून मेल उशिरा जातो? गूगल छोट्या सर्व्हरचे मेल मुद्दाम दाबून ठेवते. हे पाच उपाय करा, मेल लगेच सुटेल.’ हा मेसेज विदर्भातल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. आता तो माझ्या आतेभावापर्यंत पोचला. तो वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर सांभाळतो, आणि त्याचा प्रश्न होता, ‘दादा, पहिला उपाय करून टाकू का?’ नको रे बाबा! म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजमधले उपाय असे: न गेलेल्या मेलची रांग तुंबली की ‘पोस्टसुपर -डी ऑल’ मारून ती रिकामी करा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दर मिनिटाला ‘पोस्टक्यू -एफ’ लावा, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ करा, टीएलएस (वाटेत मेल कोणाला वाचता येऊ नये म्हणूनचं कुलूप) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) बंद करा, नेटचा मोठा प्लॅन घ्या.

बाकीच्या उपायांनी फार तर त्रास वाढेल. पहिल्यानं लोकांची कागदपत्रं कायमची नाहीशी होतात, म्हणून आधी त्याचंच बघू.

ही कमांड रांगेतला प्रत्येक मेल पुसते. पुढे ढकललेले, या क्षणी जात असलेले, मुद्दाम रोखून ठेवलेले, सगळे. पाठवणाऱ्याला परतीचा मेल येत नाही. त्याच्या फोनवर मेल ‘सेंट’मध्ये दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी तो पोचला. जिनिंगला पाठवलेलं कापसाचं बिल, बँकेनं मागितलेला संचालक मंडळाचा ठराव, बियाण्याची ऑर्डर, यातलं काय गेलं ते समोरचा ‘आम्हाला काहीच मिळालं नाही’ म्हणेल तेव्हा कळणार. ‘ऑल’ हा शब्द कॅपिटल अक्षरांतच लिहावा लागतो आणि ही सुरक्षेसाठी केलेली सोय आहे, असं पोस्टसुपरच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. घाईत हात जाऊ नये म्हणून ठेवलेला तो अडसर कसा ओलांडायचा हे हा मेसेज शिकवतो.

बरं, रांग पुसून सर्व्हर ‘मोकळा’ होतो हेही खरं नाही. पुढे ढकललेले मेल डिस्कवर नुसते पडून असतात. मेमरीत असते ती फक्त चालू रांग, आणि तिची मूळ मर्यादाच २०,००० मेलची आहे. तीनशे-चारशे अडकलेल्या मेलनी नवा मेल हळू होत नाही. जिनिंगच्या गेटवर गाड्या थांबल्या म्हणून कोणी कापूस पेटवून देत नाही. काटा का थांबलाय ते बघतो.

तर बघायचं कसं? ‘पोस्टक्यू -पी’ चालवा. प्रत्येक मेलची ओळ रांग-क्रमांकानं सुरू होते, मग बाइटमध्ये आकार, आल्याची वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता. क्रमांकाला चिकटून * असेल तर मेल आत्ता जातोय, ! असेल तर रोखलेला आहे, काहीच नसेल तर पुढे ढकललेला. त्याखाली कंसात कारण असतं आणि त्याखाली ज्याला पाठवायचा त्याचा पत्ता. ते कारण वाचल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकू नका. मग ‘क्यूशेप डिफर्ड’ चालवा. कोणत्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून अडकलेत याचा तक्ता मिळतो. सगळे एकाच डोमेनचे असतील तर बहुतेक अडचण त्या दिशेला आहे. सगळ्याच डोमेनचे असतील तर ती आपल्या घरात आहे.

रांगेतले मेल पुसणं योग्य ठरावं असा नेहमीचा प्रसंग एकच: एखाद्या खात्याचा पासवर्ड फुटलाय आणि त्यातून स्पॅम सुटलाय. तेव्हाही आधी लॉगमध्ये ‘एसएएसएल युजरनेम’, म्हणजे कोणत्या खात्यानं लॉगिन करून मेल पाठवला ते, शोधायचं, त्या खात्याचा पासवर्ड बदलायचा आणि मग फक्त त्याच पाठवणाऱ्याचे रांग-क्रमांक काढून तेवढेच पुसायचे. पोस्टफिक्स ३.१ पासून ‘पोस्टक्यू -जे’नं रांग जेसनमध्ये (प्रोग्रामला सहज वाचता येणारी मांडणी) मिळते, त्यातून गाळणं सोपं आहे. पासवर्ड न बदलता रांग पुसली तर ती पुन्हा भरते. आणि खरे मेल खूप दिवस अडकलेत, ते परत पाठवायचे आहेत, असं असेल तर ३.५ पासून ‘पोस्टसुपर -ई’ आहे. त्यानं मेलची मुदत संपवली जाते आणि पाठवणाऱ्याला रीतसर परतीचा मेल जातो.

ज्यांनी तो उपाय आधीच करून टाकलाय त्यांनी आजच मेल लॉगची प्रत बाजूला काढून ठेवावी, कारण जुने लॉग आपोआप फिरून पुसले जातात. त्यात पोस्टसुपरच्या नावानं प्रत्येक रांग-क्रमांकापुढे ‘रिमूव्हड’ अशी नोंद असते. तो क्रमांक मागे शोधत गेलं की क्यू मॅनेजरच्या (रांग सांभाळणाऱ्या भागाच्या) ओळीत पाठवणारा आणि एसएमटीपीच्या (मेल बाहेर पाठवणाऱ्या भागाच्या) ‘डिफर्ड’, म्हणजे पुढे ढकलल्याच्या, ओळीत घेणारा सापडतो. यादी करा आणि त्या माणसांना ‘सेंट’मधून पुन्हा पाठवायला सांगा. मजकूर सर्व्हरवरून परत येणार नाही.

आता दर मिनिटाचं क्रॉन. मेल पाठवण्याचे नियम ज्या दस्तऐवजात आहेत तो म्हणजे आरएफसी ५३२१, ऑक्टोबर २००८ चा. त्याच्या ४.५.४.१ या कलमात लिहिलंय की एक प्रयत्न फसला की त्या ठिकाणी पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबलंच पाहिजे. साधारण अंतर किमान ३० मिनिटांचं असावं. पहिल्या तासात दोन प्रयत्न, मग दर दोन-तीन तासांनी एक, असा क्रम अनुभवानं बरा ठरतो. आणि हार मानण्याआधी किमान ४ ते ५ दिवस वाट बघावी. हे एक कलम वाचलं असतं तर अर्धा मेसेज लिहिलाच गेला नसता. उशीर ही बिघाडाची खूण नाही, ती या व्यवस्थेतच ठरवून ठेवलेली आहे.

पोस्टफिक्स तर त्याहून उतावीळ आहे. ते दर ३०० सेकंदांनी रांग तपासतं, दोन प्रयत्नांमधलं अंतर ३०० सेकंदांपासून वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतं आणि ५ दिवसांनी मेल परत करतं. ‘पोस्टक्यू -एफ’ ही सगळी अंतरं बाजूला सारून पूर्ण रांग एकदम धाडते. न जाणारे मेल असे सारखे धाडले तर बाकीच्या सगळ्या मेलचा वेग पडतो, असा इशारा त्याच कमांडच्या मॅन्युअलमध्ये आहे. समोर ग्रेलिस्टिंग असेल, म्हणजे अनोळखी सर्व्हरला आधी ४५० किंवा ४५१ हा तात्पुरत्या नकाराचा कोड देऊन ‘नंतर या’ म्हणायची पद्धत, तर फायदा जवळपास शून्य. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्रामची मूळ मुदत ३०० सेकंद आहे. पहिल्या चार मिनिटांतले चारही प्रयत्न नाकारले जाणार आणि समोरच्याच्या लॉगमध्ये आपली प्रतिमा खराब होणार ती वेगळीच.

यात एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. आपल्याकडे लाइन जाते. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि फायबरचा डबा बंद पडतो. तीन तासांत सगळे मेल ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ किंवा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणून ढकलले जातात. लाइन आल्यावरही एखादा मेल पुढच्या पाळीसाठी ४००० सेकंद, म्हणजे तासाहून जास्त, पडून राहू शकतो. अशा वेळी नेट खरंच चालू झालंय हे तपासून ‘पोस्टक्यू -एफ’ एकदा मारणं बरोबर आहे. एकदाच! एकच मेल तातडीचा असेल तर ‘पोस्टक्यू -आय’ आणि त्याचा रांग-क्रमांक. त्याहून चांगला उपाय म्हणजे फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही त्याच यूपीएसवर घेणं.

‘गूगल मुद्दाम दाबून ठेवते’ याचं काय? मेल कुठे थांबला ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं. एसएमटीपीच्या ओळीत ‘डिलेज=’पुढे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे असतात, उदाहरणार्थ ०.२/०.०१/९०/१.४. पहिला, मेल सर्व्हरवर आल्यापासून चालू रांगेत शेवटचा शिरेपर्यंतचा वेळ. दुसरा, रांगेतून जोडणी सुरू होईपर्यंतचा. तिसरा, जोडणीचा: डीएनएस, हेलो (सर्व्हरांची एकमेकांना ओळख), टीएलएस सगळं त्यात. चौथा, प्रत्यक्ष मजकूर जायचा. पहिला मोठा असेल तर त्याच क्रमांकाची आधीची ‘डिफर्ड’ ओळ शोधा, खरं कारण तिथे आहे. आधीची ओळच नसेल तर व्हायरस तपासणीकडे किंवा मिल्टरकडे (मेल आत घेताना तपासणारा जोडप्रोग्राम) बघा.

तिसरा आकडा ३०, ६०, ९० असा तिसाच्या पटीच्या आसपास दिसला की आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) तपासायचं. एका पत्त्याला जोडणी लागेना तर पोस्टफिक्स ३० सेकंद वाट बघून पुढच्या पत्त्याकडे वळतं. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता मिळालाय पण बाहेर वाट नाही, अशी स्थिती असेल तर तीस-तीस सेकंद वाया जातात. ‘आयनेट प्रोटोकॉल्स’ची किंमत ‘आयपीव्ही४’ करा, आणि नुसतं रीलोड न करता पोस्टफिक्स बंद करून पुन्हा सुरू करा. या सेटिंगला रीलोड पुरत नाही.

प्रत्येकच ठिकाणी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येत असेल तर सर्व्हरवरून नेटकॅट या कमांडनं जीमेलच्या एमएक्सला (मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला) २५ नंबरच्या पोर्टवर जोडून बघा. २२० नं सुरू होणारी ओळ आली नाही, तर बहुतेक तुमच्या नेटवाल्यानं ते पोर्ट बाहेर जायला बंद ठेवलंय. घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास असतं, शिवाय असे बदलते आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांची यादी) असतात. मग ५८७ पोर्टवरून एखाद्या रिले सेवेमार्फत (आपले मेल पुढे पोचवणारी सेवा) मेल पाठवा आणि त्या सेवेचं नाव एसपीएफमध्ये (आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली नोंद) घाला.

आणि गूगलनं खरंच ४२१ ४.७ असं काही दिलं असेल तर तिथे कारणही सांगितलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम, पुढून-मागून जुळणारा पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आणि टीएलएस लागतं. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही. नव्या आयपीवरून एकदम ढीगभर मेल सोडले तर गूगल वेग कमी करतं, एवढं खरं आहे. सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवताना जीमेलसाठी पोस्टफिक्समध्ये वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवण्याची वेगळी वाट) करून दोन मेलमध्ये २ सेकंदांचं अंतर ठेवा. ६०० सभासदांचे वेगवेगळे मेल २० मिनिटांत जातात.

यावरून चौथ्या उपायाचाही निकाल लागला. जे नसल्यामुळे मेल अडतो तेच बंद करायला तो सांगतो. टीएलएस बंद करून मेलमागे सेकंदही वाचत नाही.

८.८.८.८ चं म्हणाल तर डीएनएस हळू असेल तर तिसरा आकडा वाढतो हे मान्य. पण मेल सर्व्हरवर सार्वजनिक डीएनएस लावू नये. स्पॅमहाउस अशा डीएनएसवरून आलेल्या विचारणेला १२७.२५५.२५५.२५४ हे चूक-उत्तर देतं. पोस्टफिक्सच्या साध्या आरबीएल (स्पॅमच्या काळ्या यादीशी पडताळणी) मांडणीत कोणतंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं धरलं जातं, आणि मग येणारा प्रत्येक मेल नाकारला जातो. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस प्रोग्राम बसवा.

राहिला नेटचा प्लॅन. २०० केबीचा मेल २ एमबीपीएस अपलोडवरही सेकंदाच्या आत जातो. प्लॅनचा संबंध येतो तो सातबाऱ्याच्या स्कॅनचे गठ्ठे जोडले की. २० एमबीचा गठ्ठा मेलमध्ये साधारण २७ एमबीचा होतो आणि त्याच अपलोडवर एकाला जायला पावणेदोन मिनिटांच्या वर लागतात. तेव्हा चौथा आकडा फुगलेला दिसेल. तसंही पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे, ती कोणीतरी वाढवली असेल तरच असा मेल आत येतो. ती मूळ जागी आणा आणि स्कॅन १५० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये घ्यायला सांगा.