तेलाने पास्ता कडक राहत नाही, बरं का!

सध्या आमच्या जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: बारीक पास्ता उकळताना पाण्यात चमचाभर तेल घाला, गिळगिळीत होणार नाही. हे चूक आहे. तेल पाण्यावर तरंगतं, पास्त्यात शिरत नाही. फार तर फेस उतू जात नाही, एवढंच. उलट ओतताना तेच तेल पास्त्याला माखतं आणि सॉस धरत नाही.

खरी गोष्ट वेळेची. अगदी केसासारखा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, म्हणून अर्धं मिनिटही महागात पडतं. शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, खळखळ उकळी, मीठ. आणि पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधीपासून एकेक तार काढून दाताखाली धरायची. मधोमध पांढरा ठिपका दिसतोय? लगेच चाळणीत ओता. बाकीचं गरम सॉसमध्ये शिजतं. ओतल्यावरही आतली उष्णता काम करत असते, हे आपण विसरतो.

गार पाण्याने धुवायचं का? सॅलड असेल तरच. एरवी सॉस धरणारा वरचा स्टार्च निघून जातो.

आणि पाकीट बघा. ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचा रवा असेल तर तार टिकते, मैद्याची लवकर लगदा होते. आमच्याकडे शेवयांना बन्सी गहू शोधतात ना, तोही ड्युरमच. शेवया चाळणीत उपसायला माझी आजी घड्याळ बघायची नाही, पण पातेल्यापासून हलायचीही नाही.